अंगणातली साक्ष

माझ्या अक्षराचं कौतुक उभ्या अमरावतीत होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझ्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं फार काही नाही. फौजदारी कचेरीत मी कारकून होतो. माझी मोडी अशी वळणदार की साहेबाला ती वाचता येत नसे, तरी कागद हातात धरून तो उगीच बघत बसे. त्या बघण्यावर मी किती वर्षं फुशारून होतो!

ती कापसाच्या तेजीची वर्षं. सातासमुद्रापलीकडे कुठे तरी लढाई जुंपली होती आणि तिथला कापूस बंद झाला म्हणून आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला भाव चढला होता. अमरावतीच्या पेठेत तेव्हा कोण नव्हतं? मारवाडी होते, कच्छी होते, मुंबईचे पारशी होते, तेलंगणातले कोमटी होते, उत्तरेकडचे परदेशी गाडीवान होते. आमचे कुणबी, मुसलमान पिंजारी, महार तर इथलेच. बडनेऱ्याकडे आगगाडीचा रस्ता बांधायला तेलंगी वडारांच्या टोळ्याच्या टोळ्या उतरल्या होत्या. आणि या सगळ्यांवर नजर ठेवून दोन-चार गोरे दलाल छत्री धरून फिरायचे. मुलूख निजामाचा, अंमल इंग्रजाचा आणि आम्ही नेमके कोणाची रयत, हे आम्हालाही धड सांगता येत नसे.

एवढी माणसं एका पेठेत होती, पण एकमेकांची नव्हती. ज्याची त्याची चूल वेगळी, पाणी वेगळं, देव वेगळा. बोलणं व्हायचं ते सौद्यापुरतं, आणि तेही रुमालाखाली बोटं धरून, म्हणजे तोंडाने बोलायलाच नको. परक्याच्या घरी मयत झाली तर शेजारचा दार लावून घेई. मला त्यात काही वावगं वाटत नसे. जग असंच असतं, असं मी समजत होतो.

या सगळ्यांना एकत्र बघायचं तर एकच जागा होती, ती म्हणजे आमची कचेरी. नवा फौजदारी कायदा नुकता आला होता. आमचा म्हातारा चपराशी मुसलमान होता, निजामाच्या तालुकदाराचीही चाकरी करून आलेला. त्याला या कायद्याचं फार अप्रूप. तो म्हणायचा, "कारकूनसाहेब, आधी कसं होतं, तुमचा माणूस कोन, हे पह्यले पुसत. आता पुसतेत, झालं काय. खुदाकसम, लय मोठी गोष्ट हाय हे." मी हसून म्हणायचो, "बाबा, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." तो म्हणायचा, "शहान्याले काय करायचं कोर्ट? कोर्ट गरिबाले लागते."

आता आमच्या कचेरीतली एक रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच फिरलं. साक्षीदाराचा जबाब लिहून झाला की तो त्याला वाचून दाखवायचा आणि खाली त्याची सही घ्यायची. शंभरातल्या नव्वदांना लिहिता येत नसे. मग ज्याच्या त्याच्या जातीधंद्याची निशाणी काढायची. कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू, बाईची बांगडी, महाराची काठी. साक्षीदाराने कलमाला हात लावायचा, आम्ही तो हात लागलेला असतानाच निशाणी काढायची आणि शेजारी आपलं नाव घालायचं. कलमाला हात लागला म्हणजे माणसाने जबाब आपला म्हटला, असा त्याचा अर्थ.

पण महार आत येत नसे. त्याने अंगणात निंबाखाली उभं राहायचं. चपराशी जाऊन त्याचं म्हणणं ऐकून येई आणि आम्हाला सांगे, आम्ही लिहू. वाचून दाखवायला अंगणात कोण जाणार? आणि आमच्या कलमाला त्याचा हात कसा लागू द्यायचा? तेव्हा काठी आमची आम्हीच काढत असू आणि वर लिहीत असू, 'वाचून दाखविला, कबूल आहे.' साहेबाला ही रीत ठाऊक नव्हती. आम्हाला ती रीत आहे असंही वाटत नसे, इतकी ती अंगवळणी पडली होती.

माघ संपता संपता पेठेतल्या एका बड्या व्यापाऱ्याच्या आवारात आग लागली. भर दुपारची वेळ. सुट्या कापसाचे ढीग उघड्यावर पडलेले आणि गासड्या बांधायचं काम चाललेलं. कापसाची आग बघितलेली असेल त्यालाच ती कळते. तिला ज्वाळा कमी असतात, ती आतल्या आत पळते आणि एकदम दुसऱ्या टोकाला वर येते. निम्मं आवार जळालं. एक हमाल भाजून मेला. त्या गर्दीत एक वडार सापडला. रुळाच्या कामावरचा, काही कामाने पेठेत आलेला, कमरेला लंगोटी, हातात घागर, हात कोपरापर्यंत पोळलेले. व्यापाऱ्याच्या माणसांनी त्याला धरून शिपायाच्या ताब्यात दिलं. परका, भाषा न येणारा, मागे कोणी नसलेला. यापेक्षा सोयीचा चोर कुठे मिळतो?

तिसऱ्या दिवशी पेठेच्या वेशीवरचा राखणदार महार आपण होऊन कचेरीच्या अंगणात येऊन उभा राहिला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. वडाराची बायकोही तिथेच बसलेली होती, पोर छातीशी धरून. ती रोज यायची. तिचं बोलणं कोणाला कळत नसे, म्हणून ती बोलत नसे. राखणदाराने तिच्याकडे एकदा बघितलं आणि चपराशाला म्हणाला, "मले सायबापुढं सांगाचं हाय. म्या डोयानं पायलं."

चपराशी ऐकून आत आला आणि मला सांगू लागला. आग लागली तेव्हा राखणदार आवाराच्या फाटकाशी होता. व्यापाऱ्याची स्वतःची माणसं ढिगाच्या आडोशाला चिलीम ओढत बसली होती, तिथूनच धूर निघाला. वडार रस्त्यावरून पळत आला, आवारातल्या हौदात घागर बुडवून ढिगावर ओतू लागला. तीन खेपा त्याने केल्या. चौथ्या खेपेला त्याला धरलं.

मी लिहून घेतलं. सुरेख लिहिलं. चपराशी म्हणाला, "त्याले वाचून दाखवा ना, साहेब. उभा हाय अजून."

"रोज कोण वाचून दाखवतं?"

"हे रोजचं नाई. एक मानूस अटकून हाय यात."

ऊन तापलं होतं आणि मला भूक लागली होती. खरं कारण एवढंच. धर्म आणि विटाळ तर आम्ही नंतर पुढे करायचो. मी खाली काठी काढली, 'वाचून दाखविला, कबूल आहे' लिहिलं, शाईवर वाळू टाकली आणि कागद दप्तरात बांधून घरी जेवायला गेलो. अंगणातून जाताना राखणदार अजून निंबाखाली उभा होता. त्याने वाकून जोहार घातला. मी मान हलवली.

आगीत माणूस मेला होता, तेव्हा खटला अकोल्याच्या मोठ्या साहेबापुढे गेला. दप्तर घेऊन मलाही जावं लागलं. तिथला साहेब नवा होता, कोणत्या तरी दुसऱ्या प्रांतातून आलेला, त्याला आमच्या इकडच्या रीती माहीत नव्हत्या. साक्षीला राखणदाराचा पुकारा झाला आणि शिपाई त्याला अंगणात उभं करू लागला. तेव्हा साहेब चिडला. साक्षीदार आत का नाही? आत आणा. व्यापाऱ्याच्या बाजूचे दोन भलेमाणूस उठून बाहेर गेले. राखणदार उंबऱ्याशी अडखळला, इकडे तिकडे बघितलं आणि आत आला. अंग चोरून उभा राहिला, पण आवाज खणखणीत होता. जे पाहिलं होतं ते त्याने जसंच्या तसं सांगितलं. ऐकताना मला वाटलं, सुटला वडार.

मग व्यापाऱ्याचा मुखत्यार उठला. मोठा कसबी माणूस. त्याने माझा तो सुरेख कागद राखणदारासमोर धरला. "ही निशाणी तुझी?"

राखणदाराने कागदाकडे बघितलं. "नाई जी."

"नीट बघून सांग. ही काठी तू काढलीस ना? कलमाला हात लावलास ना?"

"म्या जिंदगीत कलमाले हात नाई लावला, महाराज."

"हा कागद तुला वाचून दाखवला?"

"कोनी नाई दाखवला."

शपथेवर उभा असलेला सरळ माणूस. त्याला विचारलं त्याचं खरं उत्तर त्याने दिलं. दुसरा कोणी असता तर 'होय, माझीच' म्हणून मोकळा झाला असता आणि एक माणूस वाचला असता. मुखत्यार हसून साहेबाकडे वळला. कागद म्हणतो कबूल आहे, साक्षीदार म्हणतो कागदच माझा नाही. मग हा कागद कोणी केला आणि या माणसाला पढवून कोणी आणलं? ज्याच्या सहीचा भरवसा नाही त्याच्या डोळ्यांचा काय धरायचा?

साहेबाने मला पुढे बोलावलं. "हा जबाब साक्षीदाराच्या समोर लिहिला का?"

कचेरीतल्या साऱ्या नजरा माझ्यावर. अमरावतीचे दोन कारकून माझ्या पाठीमागेच बसलेले. 'नाही' म्हटलं तर माझा एकट्याचा नव्हे, साऱ्यांचा भात शिजायचा थांबला असता. मी म्हणालो, "होय, रिवाजाप्रमाणे."

राखणदाराने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. आपलंच काही चुकलं की काय, अशा नजरेने. ती नजर मला आजही सहन होत नाही.

मग आरोपीला विचारणं झालं. आरोप मराठीत वाचला गेला, स्वच्छ आणि ठणठणीत. त्याला तेलुगू. दुभाषा म्हणून एक शिपाई उभा केला होता, हैदराबादेकडे काही दिवस राहिलेला, बाजारात भाजी घेण्यापुरती तेलुगू येणारा. त्याने वडाराकडे वळून चार शब्द टाकले. वडाराने दोन्ही पोळलेले हात जोडले, डोकं जमिनीला टेकवलं आणि काही तरी पुटपुटला. शिपाई म्हणाला, "कबूल करून राह्यला, साहेब. चूक झाली म्हंते. माफी करा म्हंते."

मी थक्क झालो. राखणदारही झाला. पण साहेबाला आता आणखी काय हवं होतं? साक्षीदार खोटा, आरोपी कबूल. तीन वर्षं सक्तमजुरी. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो, पण त्या दिवशी ती फाशीची दोरी मी वळलेली होती. मी मनाला समजावलं, त्याने स्वतःच कबूल केलं ना? मग केलंच असेल त्याने काही तरी.

वडाराची बायको पुढे दोन महिने आमच्या अंगणात येत राहिली. मग रुळाचं काम चांदुराकडे सरकलं, टोळीने पालं उचलली आणि ती दिसेनाशी झाली. नवरा कुठे आहे, किती दिवस आहे, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायचं कुणाच्या मनात आलं नाही.

राखणदाराला पेठेत खोटा साक्षीदार हेच नाव पडलं. वेशीवरची राखण व्यापाऱ्यांनी दुसऱ्याला दिली. पोरं मागून ओरडायची. पावसाळ्यात एके दिवशी तो माझ्या घरासमोर येऊन रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला. मला वाटलं शिव्या द्यायला आला. बरंच झालं असतं. तो म्हणाला, "महाराज, एक पुसाचं होतं. मी काय चुकीचं बोललो जी? पुढच्या बारीले कसं बोलाव, तेवढं सांगा. माह्यामुळं त्याचं वाट्टोळं झालं."

मी 'जा, घरी जा' एवढंच म्हणालो. आत आलो तर बायको दाराआड उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती फारशी बोलणारी बाई नव्हे. म्हणाली, "त्याला काय शिकवता? तुम्हीच शिका."

दुसऱ्या दिवशी मी चपराशाला सगळं सांगून टाकलं. त्याला काही नवीन नव्हतं, तो तर तिथेच होता. तो म्हणाला, "सरकारनं कायदा सगळ्याइले एकच देला, कारकूनसाहेब. तुमी त्याले अंगनात उभा केला. अन् मी काय केलं? मीनं निरोप पोचवले. काहून म्हटलं नाई मी साहेबाले, मले कोनी थांबवलं होतं?" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हाताऱ्याला रडताना बघून माझं उरलंसुरलं अवसान गेलं.

मी अर्ज लिहिला. लिहायला मला तीन आठवडे लागले, एरवी मी तासात दहा लिहायचो. रीत काय होती, काठी कोणी काढली, अकोल्यात मी काय खोटं बोललो, सगळं लिहिलं आणि खाली माझी सही केली. बाकीच्या कारकुनांनी माझ्याशी बोलणं टाकलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं माझ्या तोंडावर म्हणाले. मला कामावरून काढलं. तक्रार नाही, तुरुंगात टाकलं असतं तरी मी काय म्हणणार होतो?

अकोल्याच्या साहेबाने खटला पुन्हा उघडला. राखणदाराला पुन्हा आत बोलावलं. या खेपेला त्याच्या मागोमाग एक पिंजारीही आला, मुसलमान, त्याच आवारात काम करणारा. त्यानेही सगळं पाहिलं होतं, पण मालकाच्या धाकाने तोंड उघडलं नव्हतं. म्हणाला, "हा मानूस धक्के खाऊन दुसऱ्यासाठी येऊन राह्यला, तं मले शरम वाटली." एका महाराच्या पाठोपाठ एक मुसलमान, एका तेलंग्यासाठी. पेठेत इतकी वर्षं काढून मी असं कधी पाहिलं नव्हतं. ते घडायला कीर्तन-प्रवचन लागलं नाही, आत येऊन बोलायचा हक्क पुरला. कबुलीला दुभाषा धड नव्हता म्हणून साहेबाने तीही बाजूला ठेवून वडाराला तुरुंगातून न बोलावताच निर्दोष ठरवलं. आणि हुकूम काढला की यापुढे प्रत्येकाचा जबाब आत, एकाच कठड्याशी, त्याचा हात कलमाला लावूनच घ्यायचा आणि परभाषी माणसाला त्याच्याच बोलीचा दुभाषा द्यायचा.

हुकूम निघाला त्या आठवड्यापासून, चपराशी सांगे, आमच्या कचेरीत दोन कलमं दिसू लागली. एक रोजचं आणि एक महारांसाठी कोपऱ्यात, फुटक्या दौतीत. माणूस किती कोडगा असतो ते बघायचं तर कचेरीत बघावं. तरीही कठडा एकच राहिला. त्याला मारवाडी टेकायचा, मग कुणबी, मग महार. हळूहळू महारामागून तो धुवायचंही लोकांनी सोडून दिलं.

वडाराला सोडायचं ते अमरावतीत, असं ठरलं. शिक्षा लागून अकरा महिने झाले होते. अकोल्याहून त्याला आगगाडीने बडनेऱ्यापर्यंत आणलं, तो रस्ता आता चालू झाला होता. मी नोकरीत नव्हतो, तरी त्या दिवशी कचेरीच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. चपराशी होता. साहेबाच्या नव्या हुकमाप्रमाणे पेठेतला एक कोमटी दुकानदार दुभाषा म्हणून आला होता, त्याची मायबोलीच तेलुगू. वडार ओळखू येईना. हाडं दिसत होती आणि खोकला थांबत नव्हता. हातांवर भाजल्याचे डाग होते. बेड्या काढल्या तरी तो हात जवळच धरून उभा राहिला. अंगणभर त्याची नजर फिरली. बायको कुठे आहे, हे मी कोमट्याकरवी सांगितलं, टोळी चांदुराच्या पुढे गेली म्हणून. त्याने मान डोलावली.

वैशाखाचं ऊन होतं. माझ्याने बघवेना. मी रांजणातून लोटा भरून घेतला आणि त्याच्यापुढे गेलो. ओंजळीत वरून पाणी घालायला हात उचलला. तेवढंच मला सुचलं, आणि तेही वरूनच.

तो झटकन मागे सरला. हात जोडले, जमिनीला डोकं टेकलं, भराभरा काही बोलू लागला. कोमट्याचा चेहरा उतरला. मी विचारलं, काय म्हणतो?

कोमटी म्हणाला, "म्हणतो, नको. त्या दिवशी शेठच्या हौदाला हात लावला, चूक झाली, त्याची शिक्षा भोगली. आता पुन्हा तुमच्या पाण्याला शिवणार नाही."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. अकरा महिने तो खडी फोडत होता ती हौदातलं पाणी घेतल्याबद्दल. इथे त्यासाठी माणसाला तुरुंगात घालतात, यात त्याला काही नवल वाटलं नव्हतं. आम्ही त्याला तसंच वागवत आलो होतो, मग त्याला नवल का वाटावं? म्हणूनच अकोल्यात त्याने चूक कबूल केली होती. आगीचं त्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असेल तर त्याला समजेल असं नव्हतं.

मी कोमट्याला म्हणालो, त्याला सांगा, पाण्यासाठी नाही. कापूस पेटवला म्हणून धरलं होतं. कोमट्याने सांगितलं. वडाराला ते पटेना. कोमट्याने पुन्हा सांगितलं. मग त्याने एकच प्रश्न विचारला, आणि तो कोमट्याला नाही, थेट माझ्याकडे बघून विचारला. कोमट्याने मान खाली घालून मला त्याचा अर्थ सांगितला. "तो विचारतो, मी तर विझवत होतो, हे कोणीच पाहिलं नाही का?"

पाहिलं होतं, मी म्हणालो. दोघांनी पाहिलं होतं, आणि एकाने तर तिसऱ्याच दिवशी येऊन सांगितलंही होतं.